नारिंगी शेपट्यांच्या टाकीत

प्रिय भोपळ्या,

माझ्यासाठी खोली रंगवलीस, पडदे लावलेस आणि आता दर फोनला तुझं एकच पालुपद, "आई, कायमची कधी येतेस?" फोनवर मला उत्तर देता येत नाही, म्हणून लिहितेय. प्रयोगशाळेच्या मॅडम जेवायला गेल्यात. टाक्यांमधून आलेलं ऊन भिंतीवर हलतंय आणि सगळी प्रयोगशाळाच पाण्याखाली गेल्यासारखी वाटतेय. अशा वेळी मी खुर्चीत बसून नुसती मासे बघत राहते. याचा मला पगार मिळतो, हसू नकोस.

मध्यंतरी इथे एक गोंधळ झाला. काळ्या पट्ट्यांच्या गप्पींची टाकी गळायला लागली. काचा दुरुस्त करायला जे एक गृहस्थ येतात, त्यांना आम्ही काचवालेच म्हणतो. त्यांनी मासे हलवताना एक काळ्या पट्ट्याचा नर चुकून नारिंगी शेपट्यांच्या टाकीत सोडला. मॅडमचा पारा चढला. पण बघतो तर काय, आपल्या टाकीत जो माद्यांच्या खिजगणतीतही नव्हता, तो इथे नवरदेव होऊन बसला होता! नारिंगी नर शेपट्या फुलवून फुलवून दमले, माद्या त्यांच्याकडे ढुंकून बघेनात.

मॅडमनी मग राग गिळून मला समजावलं. या माद्यांना बरेचदा दुर्मिळ रंगाचाच नर भावतो. त्याची पिल्लं वाढली की तो रंग नेहमीचा होतो आणि माद्यांची नजर दुसऱ्या कुणाकडे वळते. म्हणून कुठलाच एक रंग सगळं पाणी बळकावत नाही आणि विरळ झालेला रंगही सहजी नामशेष होत नाही. तेव्हापासून मला माणसंही तशीच दिसायला लागलीयत, काय करू!

तुझे बाबाच घे. आमच्या घरात काका, मामा, भाऊ सगळे तावातावाने बोलणारे. त्यात हा भावाचा मित्र आला आणि नुसता ऐकत बसला. सगळे म्हणाले, घुम्या आहे. मला मात्र तेवढाच एक दिसत होता. त्यांची आठवण मला अजून रोज येते. ते असताना घरातली शांतता भरलेली वाटायची, आता ती नुसती रिकामी असते.

इथे संस्थेत सगळेच हळू बोलतात, बेतानं हसतात. काचवाले मात्र काच चिकटवताना मोठ्यानं बेसूर गातात, आणि विनोद सांगायच्या आधीच स्वतः हसून घेतात. मला वाटलं, नवलाई आहे, ओसरेल. गप्पींची म्हणे लवकर ओसरते. माझी दोन वर्षांत ओसरली नाही. हल्ली तर धडधाकट टाकीही मला गळकी दिसते आणि तेही मुकाट्यानं तपासून जातात.

तर भोपळ्या, मी येत नाही रे. पुढच्या महिन्यात आम्ही लग्न करतोय. बाबांची जागा कुणी घेतंय असं मनात आणू नकोस. ज्या डोळ्यांनी त्यांना निवडलं, त्याच डोळ्यांनी यांना निवडलंय. साक्षीदार म्हणून सही करायला मॅडम एका पायावर तयार आहेत, पण मी त्यांना थांबवलंय. रागव, भांड, पण इथे येऊन भांड. ती सही मला तुझी हवी आहे.

तुझीच, अजूनही तुझीच,
आई