समोरच्या वाडग्याचे मार्क

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण कंबरेने सहाच अंगांना परवानगी दिली. उरलेली दोन भेटीत पुरी करीन. तब्येत विचारत नाही. ती वहिनी रोज फोनवर सांगतात, आणि तू स्वतः सतरा वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेला नाहीस. (वहिनी, हे पत्र तुम्हीच त्याला वाचून दाखवणार, तेव्हा कंसातलं गाळत चला. त्याला ऐकू कमी येतं, पण स्वतःबद्दलचं बरोब्बर येतं.) भांडणाचं मूळ मला पाठ आहे. पुतणीच्या लग्नातल्या जेवणाला मी साप्ताहिकात दहापैकी चार मार्क दिले. मार्क खरे होते, दादा. बावीस वर्षं लोकांच्या ताटात तोंड घालतोय, पण एक पथ्य पाळलंय: पोट बिघडलं तरी चालेल, आकडा बिघडता कामा नये. ह्या पथ्यापायी मी एक भाऊ, दोन मित्र आणि एक बरा न्हावी गमावला.

तर हकीकत अशी. आमच्या ऑफिसमागच्या गल्लीत, चष्मेवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मध्ये, एक व्हिएतनामी खानावळ निघाली आहे. टेबलं पाच, पदार्थ एक: नूडल्सचं सूप. मी कुठेही सलग चार गुरुवार जेवतो आणि मगच मार्क देतो (पहिल्या दिवशी चांगलं तर कुणीही रांधतं, जावईसुद्धा पहिल्या दिवशी चांगलाच असतो). पहिल्या गुरुवारी लिंबू न पिळता नुसता रस्सा चाखला. हा रस्सा असा नितळ हवा की वाडग्याचा तळ दिसावा. इथे तळ कसला, चमचा बुडाला की हरवत होता. आलं-कांदा छान भाजलेला, चक्रफूल बेताचं, पण नूडल्स पार लगदा आणि मांसाचे काप दाराला पाचर म्हणून लावावेत असे. मनात म्हटलं, सहा. तेही आल्या-कांद्याच्या वशिल्याने.

मान वर केली तर समोर दुसरा वाडगा. रिकामा, अजून गरम. काठावर कोथिंबिरीची पानं, शाळेत प्रार्थनेला उभी केल्यासारखी ओळीने. चमच्याच्या दांड्यावर पिळलेल्या लिंबाची साल, उलटी करून, टोपीसारखी. दादा, लिंबाची टोपी चमच्याला घालणारा माणूस मी जगात एकच पाहिलाय, आणि लहानपणी त्यापायी आईच्या हातचा मार खाल्लाय, तोही मी.

मालकीणबाईंना विचारलं, "इथे कोण बसलं होतं?"

"तुमचे मोठे भाऊ. आत्ता तर उठले."

"माझे भाऊ कशावरून?"

"नाक तेच. फक्त ते मुरडत नाहीत." मग हळूच म्हणाल्या, "त्यांना चपला घेऊन द्या. अनवाणी येतात."

मी हसलो. संध्याकाळी वहिनींचा फोन आला. तू चार महिने अंथरुणावर, माझ्यापासून दोन दिवसांच्या प्रवासावर. इतर दिवशी अन्नाला शिवत नाहीस. त्या दिवशीही ताट सरकवून म्हणालास, "आत्ताच जेवून आलो," वर ढेकर दिलास. ढेकराला मसाल्याचा वास, चांदणीसारखं असतं ना त्या फुलाचा, असं वहिनी म्हणाल्या. पाय पुसताना तळवे काळे निघाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वजन केलं, तर पावशेर वाढलेलं. डॉक्टरांनी काटा बदलून पाहिला.

पुढचे दोन गुरुवार मी दोन वाडगे मागवून तुला पकडायला बसलो. खुर्ची रिकामीच. पण समोरच्या वाडग्यातली वाफ सरळ वर न जाता माझ्याकडे वाकत होती, पलीकडून कुणी फुंकर घालावी तशी. मी वहीत पाहिलं की रस्सा बोटभर उतरायचा. भुरका मारल्याचा आवाजही आला (वहिनी, तो आवाज तुम्ही पंचेचाळीस वर्षं सोसलाय, वर्णन करत नाही). मी खुर्चीला म्हटलं, "अरे, निदान मीठ कसं आहे ते तरी सांग." सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. खुर्चीकडे कुणीच बघेना.

आज चौथा गुरुवार. मालकीणबाईंनी दोन वाडगे मांडले आणि सरळ सांगितलं: "तुमचं छापून येईल त्यावर आहे आमचं. सहा-सात आले तर महिनाअखेर शटर ओढणार." मी पेन काढलं. समोरची वाफ आज वाकेना. सरळ वर जात राहिली, मग तीही थांबली. रस्स्यावर चरबीची साय धरली. ही खानावळ मिटली, तर हा अनवाणी माणूस जेवायला जाणार कुठे?

मी वहीत नऊ लिहिला. पहिला खोटा आकडा. नवाचा सात वाटू नये म्हणून पुन्हा गिरवला. मान वर केली. समोरच्या वाडग्याचा तळ लख्ख दिसत होता.

लहान तोंडी घास मोठा झाला असेल तर पोटात घाल. पोटात काहीतरी जाईल तरी.

तुझा धाकटा

ता. क.: वहिनी, उद्या न विसरता वजन करून घ्या. काटा जुनाच ठेवा.

ता. क. दुसरा: पुतणीच्या लग्नातल्या जेवणाचे चार ते चारच. त्यात बदल होणार नाही.

ता. क. तिसरा: (वहिनी, हे कंसातलं मात्र मोठ्याने वाचा. दादा, सूप सहाचंच आहे. एकट्याने खोटं बोलायला जड गेलं. पुढच्या गुरुवारचे दोन वाडगे सांगून ठेवलेत. चपला घालून ये.)