माझ्या आवाजातलं ‘नको’

आई, इथूनच पाया पडते. गुडघा दुखत असेल तर आशीर्वाद बसल्या बसल्याच दे.

मी मजेत आहे. सरकारी शाळेतलं काम छान चाललंय. बोलता न येणाऱ्या मुलांना मी बोलकी पाटी वापरायला शिकवते. चित्राचं बटण दाबलं की पाटी तो शब्द बोलते. त्यातल्या माझ्या लाडक्या मुलीच्या, मी तिला खारूताई म्हणते, पाटीत चाळीसच्या चाळीस शब्द मी स्वतःच्या आवाजात भरले होते.

आता माझ्याच हुद्द्याची एक नवी बाई आलीय. आल्या आल्या म्हणाली, “सात वर्षांच्या पोरीला मोठ्या बाईचा आवाज कशाला?” मग शाळेतल्या एका बोलत्या मुलीकडून ती रोज थोडे थोडे शब्द नव्याने म्हणवून माझ्या शब्दांच्या जागी भरायला लागली. तिचं बरोबरच आहे गं, आणि तेच तर झोंबतं! खारूताई आता दिवसभर बडबडते, तीसुद्धा त्या बाईला चिकटून. मी आपली पाटीचा चार्जर शोधत फिरते. दादाला सांगू नकोस, चिडवेल. गोळ्या घेतेस ना वेळेवर?

काल माझा एकच शब्द उरला होता, ‘नको’. तो पुसायला नवी बाई वाकली. मी ओठ घट्ट मिटून उभी होते. तेवढ्यात खारूताईने तेच बटण दाबलं. “नको! नको! नको!” लहानपणी गल्लीच्या टोकापर्यंत जायचा ना, तोच माझा आवाज! अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला.

तुझी शप्पथ आई, मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

तुझीच,
धाकटी