मोकळं अंगण

बुधवार, दिवेलागण

खंड्याला आज रत्नागिरीला गुरांच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिली. म्हणाले, "दोन्ही डोळे गेलेत. कधी कधी अचानक जातात. चार-पाच दिवस तरी झाले असतील."

चार-पाच दिवस. म्हणजे रविवारी तो आंधळाच होता.

रविवारी मी अंगणात कोकमाची सोलं वाळत घातली होती. आठ वर्षं हा कुत्रा वाळवणाच्या काठाकाठाने जायचा, कधी पाय लावला नाही. त्या दिवशी सरळ मधून तुडवत गेला. आणि मी? आजच असं का, एवढंसुद्धा मनात आलं नाही. हातातला खराटा घातला पाठीत. दोनदा. सोलांच्या रसाने पाय लालभडक झालेले, तसाच उभा राहिला. पळायचं कुठे तेच दिसत नव्हतं ना!

चहा घेताना हे म्हणाले, "तुला काय ठाऊक होतं गो? नको एवढं मनाला लावून घेऊ." यांना बोलायला काय जातंय. खराटा माझ्या हातात होता.

सोलं आता गच्चीवर नेली. अंगण मोकळं आहे. तरी खंड्या भिंतीला अंग घासत काठाकाठानेच चालतो.