मागच्या खोलीची भिंत

प्रिय सुनीती,

घर बघायला आलात आणि मला जाळून गेलात की गं दोघं! आमच्या काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढताना प्रल्हादभावजींनी तुझी पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवली होती. बायकांची पर्स! गल्लीतल्या बायका अजून हसतायत. मीही हसले, आणि घरी येऊन डाळीत दोनदा मीठ घातलं.

तू शाळेपासूनच अशी नशीबवान. गावच्या शाळेत मास्तर खिडकीजवळची जागा तुलाच द्यायचे. आता माझी गंगेकडची खिडकीही तूच घेणार. घे बाई. मी जाते सुश्रुतकडे नोएडाला, सून मला लिफ्टनं वर-खाली करील. तू मात्र कार्तिकात घाटावरचे आकाशदिवे बघत भावजींना चहा देशील, आणि ते म्हणतील, साखर कमी आहे. आमचे हे गेल्यापासून माझ्या चहाला कुणी नावंच ठेवत नाही. इतका छान करते की काय मी!

भावजींना मागची खोली फार आवडली, नाही? थंडगार आहे, दुपारचा इथंच पडेन म्हणाले. आणि खोकले. त्यांच्या छातीतली घरघर जिन्यातच ऐकली होती मी. खरं सांगू? तेव्हाही तुझा हेवाच वाटला. घरात कुणी खोकणारं तरी आहे.

तर ऐक. ती खोली थंड नाही, ओली आहे. पावसाळ्यात गंगा चढली की भिंत पाणी पिते, आणि दिवाळीपर्यंत कपाटामागे काळी बुरशी धरते. तुम्ही यायच्या आधी दलालानं, त्या कुशलनं, वरून पुट्टी मारून पिस्ता रंग दिला. करारात ओल लिही म्हटलं तर मला म्हणतो, "चाचीजी, सीलन तो पूरे बनारस में है, कागज पे काहे लिखवाना? पार्टी भाग जाएगी." सुश्रुतही फोनवर तेच, आई तू गप्प बस.

मी आणि गप्प! काल कपाट सरकवलं आणि उलथण्यानं वीतभर रंग खरवडून काढला. त्याचा फोटो सोबत आहे. व्हॉट्सॲपवर टाकला असता, पण तुझा फोन भावजीच उघडतात, उगाच घाबरतील. शेवटी शेवटी आमचे हे त्याच खोलीत झोपायचे. त्यांच्या छातीत बुरशी गेलीय असं डॉक्टरांनी सांगितलं, तोवर आम्ही सर्दी-खोकलाच समजत होतो.

सोमवारी करारावर सह्या आहेत. मागच्या भिंतीला ओल आणि बुरशी आहे, हे त्यात लिहिल्याशिवाय मी सही करायची नाही. वाचून घर नको वाटलं तर बयाण्याचे पैसे परत घेऊन जा. सुश्रुत रुसेल, रुसू दे. घेतलंसच तर आधी भिंतीचा बंदोबस्त कर, तोवर भावजींना त्या खोलीत पाऊल टाकू देऊ नकोस. तुझ्यावर जळायला मला तुम्ही दोघं हवे आहात गं. तू माझ्यासारखी झालीस तर मी हेवा कुणाचा करू?

जळकी, पण तुझीच,
कालिंदी