हे जहर माझं आहे

दि. ४ मार्च

चि. खारूताईस,
अ. आ. (थोडे रागातले आहेत, पण आशीर्वादच आहेत.)

पत्र लिहिण्यास कारण की, आपला झंझावात वाया गेला.

तो पडद्यावर येणार हे कळल्यापासून मी कसा डोळे लावून बसलो होतो, तुला ठाऊकच आहे. काल पहिल्याच दिवशी, पहिल्याच खेळाला गेलो. सूनबाई म्हणाली, बाबा, या वयात एकटे कुठे जाताय? मी म्हटलं, एकटा कुठला, लहानपणचा सोबती भेटायला येतोय. इस्त्रीचा शर्ट घातला. अगं, आठवतं का, मासिकाचं शेवटचं पान, झंझावाताच्या चित्रकथेच्या चार चौकटी, आणि त्यावर आदळणारी आपली दोन डोकी? तू चित्रं बघायचीस आणि मी चौकटीतले शब्द खड्या आवाजात म्हणायचो, शाळेत कविता म्हणावी तसे. क्रमिक पुस्तकातले सगळे वीर शेवटच्या कडव्यात मरून जायचे. हा एकटा पुढच्या महिन्यात परत यायचा. म्हणून तर मी त्याचा झालो.

आणि आता काय पाहिलं? चेहरा ओढलेला, डोळे लालबुंद, हात थरथरतायत. खिशात कसलीशी निळी बाटली. पाठ फिरवून, मान वर करून सारखा ती घेतो आणि मग भिंतीला टेकून बसतो. शेवटी उंच इमारतीच्या कठड्यावर उभा राहून जगाला ओरडून सांगतो की हे जहर माझं आहे, या जहराशिवाय मी कुणीच नाही! व्यसनी केला गं त्याला. आणि लोक टाळ्या वाजवतायत! माझ्या शेजारचा तर शिट्ट्या मारत होता. मी मध्येच उठून येणार होतो, पण रांगेत सगळ्यांचे पाय आडवे.

येत्या रविवारी वाचनालयात या सिनेमावर चर्चा आहे. सगळ्यात जुना चाहता म्हणून मलाच बोलायला बोलावलंय. एकेकाचे कान उपटणार आहे.

तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली का? कळव.

तुझा संतापलेला,
दादा

दि. ८ मार्च

ती. दादास,
सा. न. (एक हात कपाळाला लावलेला असल्यामुळे दुसऱ्याच हाताने.)

पट्टी निघाली. डावा डोळा लख्ख झाला आणि त्या डोळ्याने मी पहिली गोष्ट पाहिली ती आपला झंझावातच. शेजारच्या मास्तरीणबाईंबरोबर गेले होते. आता मला सांग, तू नक्की कोणत्या थिएटरात शिरला होतास? कारण मी पाहिलेल्या सिनेमात जहर नाही, व्यसन नाही, काही नाही. तो कठड्यावर उभा राहून म्हणतो, हे शहर माझं आहे. शहर, दादा! शहामृगातला श. या शहराशिवाय मी कुणीच नाही. सगळं थिएटर रडत होतं आणि तू तिथे बसून त्याला दारुड्यांच्या रांगेत उभा करत होतास.

आणि ती निळी बाटली म्हणजे डोळ्यांत घालायचे थेंब. विजेच्या लखलखाटाने त्याचे डोळे जळतात, हे मध्यंतराच्या आधी डॉक्टरीणबाई त्याला चांगलं समजावून सांगते. मी स्वतः तसलेच थेंब घालते, मान वर करूनच घालावे लागतात.

जन्मभर छापखान्यात लोकांची मुद्रितं तपासलीस. एका अक्षराची चूक दिसली की पान परत पाठवायचास. आणि स्वतः एका अक्षराने अख्खा सिनेमा उलटा केलास. ते कानातलं यंत्र सूनबाईने हौसेने आणलंय ना? की ते कपाटात ठेवून कपाटाला ऐकू यायला लागलंय?

हसून सोडून देणार होते, पण नाही देत. गेल्या खेपेला फोनवर मी तुला सांगितलं की ऑपरेशन ठरलंय, तर तू आनंदाने विचारलंस, मुलगी काय करते? मी पुन्हा सांगितलं, तर म्हणालास, दोघांना आशीर्वाद सांग. मग फोन ठेवलास आणि तेव्हापासून उचललेलाच नाहीस. शेवटी डोळ्याचं पत्रानेच कळवावं लागलं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलं रे. लांबलांबच्या अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून दिलं आणि माझाच भाऊ मला लागत नाही. टेबलावर आडवी झाले तेव्हा तुझा एक शब्द कानात असता तर बरं वाटलं असतं. पुढच्या महिन्यात उजवा डोळा आहे. त्याच्या आत मला तुझ्याशी तोंडाने बोलायचंय. पत्रं मला पुरत नाहीत.

आणि वाचनालयात बोलू नकोस. हात जोडते.

तुझी वैतागलेली,
खारूताई

दि. १४ मार्च

चि. खारूताईस,
आशीर्वाद नेहमीचेच, मोजमाप केलेलं नाही.

तुझं पत्र भाषणानंतर हाती आलं. आधी आलं असतं तरी काही फरक पडला नसता. माझे कान उत्तम आहेत. हल्लीची माणसं तोंडात गोळी ठेवल्यासारखी बोलतात, त्याला मी काय करू? त्या यंत्राने भांडी घासल्यासारखा आवाज येतो. एकदा लावलं आणि काढून ठेवलं. मी म्हातारा झालो हे गावभर सांगत फिरायला कानात घंटी कशाला बांधायची?

भाषण फार रंगलं. जहराचा धिक्कार करणारं एक कडवंही रचून म्हटलं, चाल शाळेतलीच. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. (तू यावर काहीतरी बोलशील, बोल.) ग्रंथपालबाई तर इतक्या हेलावल्या की त्यांनी रुमालात तोंड लपवलं, खांदे हलत होते. एकानेही माझं म्हणणं खोडलं नाही. शेवटी औषधांच्या दुकानवाल्याने माझा हात हातात घेऊन बराच वेळ काही सांगितलं. मी हो म्हटलं. काल कळलं की व्यसनमुक्तीच्या मिरवणुकीत मी सगळ्यांत पुढे फलक घेऊन चालणार आहे. चालेन. झंझावातासाठी तेवढं करीन.

हे सगळे लोक काय खुळे आहेत?

तुझा (ठाम),
दादा

दि. १८ मार्च

ती. दादास,
नमस्कार पोचावा.

मी हात टेकले. लोक खुळे नाहीत, भले आहेत. त्यांनी तुझ्या पांढऱ्या केसांचा मान ठेवला. ग्रंथपालबाई हेलावल्या नव्हत्या, दादा, हसत होत्या. मला हे लिहिताना वाईट वाटतंय, पण तुला हे दुसरं कुणी सांगणार नाही. सूनबाई सांगत नाही कारण तिला तुझा राग सोसायचा नसतो, आणि तुझा लेक सांगत नाही कारण त्याला मोठ्याने बोलायचा कंटाळा येतो. असं करत करत सगळे तुला हो हो म्हणतील आणि तू आनंदात एकटा बसशील. मला ते बघायचं नाही.

तेव्हा एकच कर. ते यंत्र लाव आणि तोच सिनेमा पुन्हा बघ. जहर निघालं तर मी त्या यंत्राचं नाव काढणार नाही आणि मिरवणुकीत तुझ्या मागे फलक घेऊन चालेन. शहर निघालं तर काय करायचं ते तूच ठरव. तोवर मी पत्र लिहिणार नाही.

२ तारखेला उजवा डोळा.

तुझी,
खारूताई

दि. २६ मार्च

चि. खारूताईस,
अ. आ., आणि हे मात्र मोजून जास्त पाठवतोय.

शहर आहे.

सूनबाईने यंत्र लावून दिलं. मी ओरडेन म्हणून लावल्याबरोबर दोन पावलं मागे सरली. जिना उतरताना कुणीतरी मागे येतंय असं वाटलं, वळून पाहिलं तर माझ्याच चपला. थिएटरात तर माणसं सिनेमा बघायला येतात की कागद चुरगाळायला, तेच समजेना. मागे दोन मुली सबंध वेळ कुणाच्या तरी साखरपुड्याचं बोलत होत्या. मग तो कठड्यावर आला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. श अगदी स्वच्छ ऐकू आला गं, फुटक्या टाइपाचा नव्हे, कोऱ्या टाइपाचा. अंधार होता म्हणून बरं.

पण आता खरं सांगू? बाकीचा सिनेमाही मी प्रथमच ऐकला आणि तो भयंकर आहे! उडता उडता विनोद काय करतो, खलनायकाला मित्रा काय म्हणतो! आपल्या चौकटीत चार शब्द असायचे आणि चारही लागायचे. इथे फालतू शब्द झाडून टाकायला कुणी बसवलेलाच नाही. मी ऐकलेला सिनेमा याहून बरा होता, त्यात निदान काही दुःख तरी होतं. मध्यंतरात तिकीटवाल्यापाशी तक्रार केली. तो म्हणाला, आजोबा, मी फक्त तिकिटं फाडतो. हेही स्वच्छ ऐकू आलं.

वाचनालयाच्या फळ्यावर माझ्या हाताने शुद्धिपत्र लावून आलो. ‘झंझावातावरील माझ्या भाषणात जहर या शब्दाऐवजी सर्वत्र शहर वाचावे. कडवे रद्द समजावे.’ ग्रंथपालबाईंनी ते वाचलं, मला खुर्ची दिली आणि या वेळी तोंड न लपवता हसल्या. मीही हसलो. मिरवणुकीला जाणार आहे, शब्द दिलाय.

आता तुझं. गेली दोन वर्षं तू फोनवर माझ्याशी ओरडूनच बोलत होतीस. मला वाटायचं, ही माझ्यावर कशाने तरी रागावलीय, आणि विचारलं तर आणखी ओरडेल. म्हणून उचलेनासा झालो. तुला ओरडायला मीच लावतोय हे डोक्यातच आलं नाही.

उजव्या डोळ्याच्या आदल्या संध्याकाळी फोन कर. मी यंत्र लावून फोनपाशीच बसलेला असेन. पहिल्याच घंटीला उचलला तर दचकू नकोस. आणि ओरडू नकोस, तू मुळात किती हळू बोलतेस तेच मी विसरत चाललोय.

लोभ आहेच, आता आवाजही असावा.

तुझा,
दादा