एका भोकाचा बिल्ला

७ फेब्रुवारी १९९४, सोमवार
लिही रे गोविंदा! — हेसुद्धा लिहिलंस? असू दे.

गडब गावच्या दवाखान्यात नंबराचे बिल्ले वाटते मी. आकडे येत नाहीत, म्हणून पत्र्याला भोकं पाडलीत. एक भोक पहिला, दोन भोकं दुसरा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इंदुबाई, पिणारा माणूस तुम्हाला माझ्याआधी कळतो. कसा, ते लिहून ठेवा." मला कुठलं अक्षर! मी बोलते, मुलगा लिहितो. रोह्याच्या कंपनीतून रजेवर आहे म्हणतो. दीड महिना!

आज हैबतराव आले. पोटात जळतं म्हणे. तोंडात वेलदोडे इतके, की माणूस आहे की खीर! डोळे पिवळे, कपाळाला खोक. बोलते ती बायकोच — "पायरीवरून पडले वो." यांच्या घराला पायरी आहे कुठे?

९ फेब्रुवारी, बुधवार
"पिता का?" असं विचारू नये. सगळे म्हणतात, तीर्थाशिवाय काही घेत नाही! मिठागरावरच्या रघूला मी विचारलं, "सकाळी हात कापतो, तो कशानं थांबतो रे?"
"थोडी घेतली की थांबतो, आजी."
घ्या! डॉक्टरीणबाईंची नळी अजून कानातसुद्धा गेली नव्हती.
गोविंदा, हसतोस काय? लिही.

११ फेब्रुवारी, शुक्रवार
हे सावकाश लिही. शेजारच्या केरूला मीच मारुतीपुढे नेलं होतं. नारळावर हात ठेवायला लावला — आजपासून थेंब नाय! मोठी शहाणी मी. तिसऱ्या दिवशी फिट येऊन बांधावर पडला. डॉक्टरीणबाई माझ्यावरच खेकसल्या — "रोजची एकदम तोडायची नसते! आधी माझ्याकडे पाठवा. ओढून नको. आपल्या पायांनी आला तर टिकतो."

केरू वाचला. तेव्हापासून मी कुणाला शपथ घालत नाही. पोटच्या पोरालाही नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार
आणखी खुणा. सोमवारची शिफ्ट बुडते. जेवण नको. सकाळी मोरीत ओकाऱ्या. चहाचा कप दोन हातांनी.
झालं? परत लिही — कप दोन हातांनी.

१४ फेब्रुवारी, सोमवार
अक्षर येत नसलं तरी ओळ दिसते मला. रोज संध्याकाळी लिहितोस, त्या ओळी मिठागराच्या बांधासारख्या सरळ. आज मुद्दाम सकाळी बसवलं तुला. चिखलात खेकडे पळालेत नुसते!
हेही लिही, गोविंदा.
पेन का ठेवलंस?

१५ फेब्रुवारी, मंगळवार
आज नात लिहिते आहे, गोविंदाची सरू. म्हणते, "आजी, कालच्या पानाखाली बाबांची एक ओळ हाय." मी तर सांगितली नव्हती! वाचून घेतली.
"आई, उद्या पहिला नंबर माझा ठेव."
ठेवला. एका भोकाचा बिल्ला, त्याच्या चपलेवर. आत्ता बघते तर चपला नाहीत, बिल्लाही नाही.
पुरे गो सरू, मला दवाखाना उघडायचाय!