स्वागतफलकाच्या दोन फळ्या

दादा,

सलाम. तीन देशांतल्या ख्रिस्ती संस्थांच्या ज्या संयुक्त मंडळाचा तू सचिव आहेस, त्याची मदत काल तीन खोक्यांतून आमच्या प्रथमोपचार केंद्रात पोहोचली. तिन्ही खोक्यांत काय होतं, सांगू? बँडेज, बँडेज आणि बँडेज. मंडळाच्या बैठकीत आधी प्रार्थना कोणी म्हणायची, यावर तुम्ही तीन दिवस घसा कोरडा केलात. कोण काय पाठवणार, हे एकानेही विचारलं नाही?

तुमच्याच स्वागताचा फलक लावताना सुतारकाका शिडीवरून पडले. नडगी मोडली. आधाराला बांधायला केंद्रात साधी फळी सापडेना! शेवटी मी तो ‘सहकार्य’ लिहिलेला फलकच फोडला आणि त्याच्या दोन फळ्या त्यांच्या पायाला बांधल्या. बँडेज मात्र भरपूर होतं हं.

“बाई, साहेब रागावतील,” काका कण्हत म्हणाले. माझं डोकंच फिरलं. पाय यांचा मोडलाय आणि काळजी तुझ्या फलकाची!

हे पत्र मी टाकणार नाही. तू दुखावशील म्हणून आईचा जीव खालीवर होतो. पण रविवारी पाहुण्यांना घेऊन आलास आणि फलक कुठे म्हणून विचारलंस, तर तुम्हा सगळ्यांना सरळ काकांच्या खाटेपाशी नेईन. तुमचं सहकार्य तिथे पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आलंय.

तुझी धाकटी,
केंद्रातली नर्स